बाबांचा उजवा पाय

प्रिय शहाण्या मुला,

पाकीट पाहून आधी तू घाबरशील, मग हसशील. फोन असताना आईने पत्र का लिहिलं? लिहिलं, कारण आपल्या घरात फोन एक आणि कान चार. मी फोनवर बोलायला लागले की तुझे बाबा टीव्हीचा आवाज बारीक करतात. शिवाय माझी दोन वाक्यं झाली की तू 'हो आई, हो आई' सुरू करतोस, आणि तुझं 'हो आई' म्हणजे ऐकलं नाही याची पावती. पत्राला 'हो आई' म्हणता येत नाही. तेव्हा चहा घे, खुर्चीत बस आणि क्रमाने वाच. मध्येच उडी मारून शेवट वाचलास तर मला इथे बसून कळेल.

ट्रक विकला नाही, हे तुला माहीत आहे. ब्रेक दुरुस्त झाला, हेही माहीत आहे. त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, 'काय निघालं मग?' आणि बाबांनी माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं, 'काही नाही रे, थोडी हवा राहिली होती.' त्यावर तू म्हणालास, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' काय म्हटलं होतंस तू? तू तर म्हटलं होतंस की बाबांचा पाय कामातून गेला. असो. हवा होती, हे खरं. ती कुठे होती आणि का निघत नव्हती, हे तू विचारलं नाहीस, त्यांनी सांगितलं नाही, आणि मी आजवर दातओठ खात गप्प बसले. मी आणि गप्प! ज्या बाईचा आवाज वॉर्डच्या दाराशी आला की डॉक्टर खिशातून हात काढायचे, ती बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात तोंड मिटून भाजी चिरते आहे. आता बास झालं.

पहिल्यापासून सांगते. सुट्टीवर आलास तेव्हा कपड्यांच्या बॅगेपेक्षा जड असं एक खोकं घेऊन आलास. 'बाबा, या खेपेला तुमच्या ट्रकचे पुढचे ब्रेक मी नवे करून देणार.' बाबा म्हणाले, आपण कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या उस्तादकडे देऊ. तू म्हणालास, 'त्याला हातोडीखेरीज दुसरं हत्यार माहीत नाही.' मग अंगणात बादली पालथी घालून तिच्यावर फोन उभा केलास, फोनमधला तो टोपीवाला माणूस बडबडत राहिला आणि तू माझी जुनी चादर अंथरून ट्रकखाली आडवा झालास. बाबा खोक्यावर बसून तुला पान्हे देत होते. मधून मधून वाकून बघायला जायचे, आणि प्रत्येक वेळी आतून तुझा आवाज, 'बाबा, तुम्ही बसा हो, मला करू द्या.' ते बसायचे. आयुष्यभर गाडीखाली लोळलेला माणूस, पण तू बस म्हटलंस की शाळेतल्या पोरासारखे बसायचे. इतके खूश मी त्यांना निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नाही. अर्थात तो माझा होता, त्यांचा नाही.

संध्याकाळी तू ट्रकची गल्लीत एक फेरी मारलीस. उतरलास आणि म्हणालास, 'पेडल जरा मऊ लागतंय, पण नवीन आहे, वापरून बसेल.' दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. काळे हात, काळी नाकं आणि दात काढून हसणारे तुम्ही दोघं, असा जो फोटो मी काढला होता, तो बाबांनी छापून आणला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. भेटेल त्याला सांगत होते, 'पोराने केलं. स्वतःच्या हाताने.' दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. मला तर दिवसातून दोनदा.

पेडल काही बसलं नाही. बाबा म्हणायचे, उशीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा दाबलं की खोल जायचं, लगेच दोन-तीनदा मारलं की वर यायचं आणि मग ब्रेक लागायचा. आपण सरळ रस्त्यावर चालणारी माणसं, आपल्याला काय फरक पडतो? पण त्यांचा धंदा तुला माहीत आहे. लोकांची घरं हलवणारा माणूस. काचेची कपाटं, आरसे, म्हाताऱ्या बायकांनी जीव लावलेल्या बरण्या. मागे कपबशी वाजली तर समोरच्या आरशात बघून 'माफ करा' म्हणणारा ड्रायव्हर मी दुसरा पाहिला नाही. लहानपणी तू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचास आणि सिग्नलला गाडी थांबली तरी तुझी झोप मोडायची नाही. मी शेजारी बसून मुद्दाम बघायचे, आता तरी हा उठतो का. कधी उठला नाहीस. तो सगळा हिशेब त्यांच्या उजव्या पायात होता.

मग तो प्रकार झाला. गल्लीतल्या शिवणकामवाल्या काकूंचं मशीन आणि टेबल घेऊन ते उतारावरून येत होते. समोर वळणावर लाँड्री. ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली. पुन्हा मारायला वेळ नव्हता. त्यांनी खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी लाँड्रीच्या शटरला नाक लावून थांबली. शटरला पोचा आला, बाकी कोणाला काही झालं नाही. मशीनलाही नाही. पण घरी आले ते तोंड पांढरंफटक पडलेलं. जेवले नाहीत. दारामागच्या खिळ्याला टांगलेली किल्ली काढली आणि माझ्या औषधांच्या खणात, पट्टीच्या बंडलाखाली ठेवून दिली.

उस्तादने गाडी तपासली. तो माणूस कसा आहे तुला माहीत आहे. कानावर पेन्सिल, तोंडात सतत गप्पा, आणि दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलताना जरा जास्तच आनंदी. त्याने चारही चाकांपाशी ब्रेकच्या तेलातली हवा काढली. फरक नाही. जुने रबरी पाइप फुगतात म्हणून नवे घातले. फरक नाही. पेडलच्या पुढे जो पंप असतो, मास्टर सिलिंडर म्हणतात त्याला, तोही बदलला. मागच्या चाकांचे ब्रेक आवळले. पुन्हा हवा काढली. दर वेळी बाटलीत स्वच्छ तेल यायचं, एकही बुडबुडा नाही, आणि पेडल मऊचं मऊ. शेवटी हात पुसत मला म्हणतो, 'सिस्टर, गाडीत आता बदलायला काही राहिलं नाही. चाकावरचा माल तर तुमच्या इंजिनिअरने कोरा घातलाय. पेडल थोडं मऊ आहे, पण दोनदा दाबलं की येतं ना वर? काकांनी वेळेवर दाबलं नसेल. वय होतं माणसाचं.'

आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन. 'आई, मधुमेह आहे त्यांना इतकी वर्षं. तळपायाची जाणीव कमी झाली असणार. पेडल किती दाबलंय हे त्यांना कळतच नसेल. तू नर्स आहेस, तुला कळायला हवं होतं.' हे वाक्य तू मला म्हणालास. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी लोकांचे तळपाय बघत आले, आणि मला कळायला हवं होतं! वर पुढे, 'मी एक गिऱ्हाईक बघितलंय, पुढच्या रविवारी येईल, ट्रक देऊन टाका.' फोन स्पीकरवर होता. बाबा मोजे काढत होते. एक मोजा काढला आणि दुसरा तसाच पायात ठेवून बसून राहिले.

रात्री मी त्यांचे पाय मांडीवर घेतले. डोळ्यांना रुमाल बांधला आणि कापसाच्या वातीने तळवा तपासला, टाच, अंगठा, बोटांमधल्या सांदी. मी शिकाऊ पोरींना जसं शिकवायचे तसं, कुठेही लबाडी न करता. कापूस टेकला न टेकला की ते सांगत होते, करंगळीखाली, आता टाचेवर, आता कुठेच नाही. एकदाही चुकले नाहीत. मी रुमाल सोडला आणि म्हटलं, या पायाला काही झालेलं नाही. त्यावर ते काय म्हणाले सांगू? 'अगं, पाइप नवे, पंप नवा, पुढचे ब्रेक पोराने नवे घातले. जुनं आता त्या गाडीत माझ्याशिवाय काय उरलंय?'

माझ्या तपासणीवर विश्वास नाही, तुझ्या फोनवर आहे. बरं, नुसतं म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीला हात लावून चालायला लागले. संडासापर्यंत भिंत, स्वयंपाकघरापर्यंत भिंत. जिना उतरताना पायरीकडे बघून पाऊल टाकायला लागले. पाय धडधाकट, आणि माणूस पाय गेल्यासारखा चालतोय, का तर मुलाने सांगितलं! वॉर्डमध्ये मी अशी माणसं पाहिली आहेत. कोणीतरी मोठ्या आवाजात सांगतं की तुम्ही आता म्हातारे झालात, आणि ती मान हलवून म्हातारी होतात. तेव्हा मला राग कोणाचा आला हे विचारू नकोस. तुझा, उस्तादचा, त्यांचा, त्या मेल्या ट्रकचा. इतकी वर्षं ज्या ट्रकला मी माझी सवत म्हणत आले, तिच्या बाजूने भांडायची वेळ माझ्यावर आली.

शनिवारी मी चप्पल घातली आणि उस्तादच्या गॅरेजात जाऊन स्टूल ओढून बसले. गाडी तिथेच उभी होती. मी म्हटलं, आज मला तुझं निदान समजावून सांग. तो हसला. 'सिस्टर, हे इंजेक्शन नाही.' मी म्हटलं, तेच तर विचारतेय. पेडल मऊ आहे म्हणजे तेलात हवा आहे की नाही? तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, एवढं शास्त्र मला नन्सनी शाळेत शिकवलंय. तो म्हणाला, 'हवा असती तर बुडबुडे आले असते. मी स्वतः काढली.' मी विचारलं, कोणत्या चाकात दोष आहे ते तरी बघितलंस? म्हणतो, 'चारही चाकांची हवा काढल्यावर चाक कशाला शोधायचं?' घ्या! म्हणजे पेशंटचं दुखतं कुठे हे न विचारता सगळ्या अंगाला प्लॅस्टर घालायचं.

सलाईन चालत नसेल तर आम्ही काय करतो? नळीवर चाप लावतो आणि अडचण चापाच्या वर आहे की खाली ते बघतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या या नव्या पाइपांना असा चाप लावता येतो का? लावता येतो. त्याच्याकडे तसले चाप होते, खणाच्या तळाशी, वर धूळ. त्याने पुढच्या दोन चाकांचे आणि मागचा असे सगळे पाइप चापले आणि मला ड्रायव्हरच्या जागी बसवून म्हणाला, दाबा. पेडल दगडासारखं. म्हणजे पंप ठीक. मागचा चाप सोडला, तरी दगड. म्हणजे मागची चाकं ठीक. मग पुढचा एक चाप सोडला आणि पाय आत गेला. तो लावून दुसरा सोडला, तेव्हाही गेला. गोम पुढच्या दोन चाकांत होती. म्हणजे ज्याला 'कोरा माल' म्हणून कोणी बोट लावलं नव्हतं, तिथेच.

चाकं काढली. चाकाच्या मागे तो लोखंडी पंजा असतो ना, फिरती तबकडी दोन्ही बाजूंनी पकडणारा, कॅलिपर, तुझ्या खोक्यातला, तो मी पहिल्यांदाच नीट बघितला. त्याच्या अंगाला हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. उस्तादने त्याला नळी जोडली, बाटली लावली, मला म्हणाला 'दाबा', आणि नेहमीसारखं स्वच्छ तेल आलं. 'बघा, आहे का बुडबुडा?' मी गाडीतून उतरले, गुडघे टेकून बसले आणि बघितलं. नन्स म्हणायच्या, आधी डोळे वापरा, मग हात, आणि सगळ्यात शेवटी तोंड. पहिले दोन मी शिकले. स्क्रू खालच्या बाजूला होता. तळाला. मी त्याला विचारलं, बाबा रे, इंजेक्शनमधली हवा काढताना सुई वर धरतात की खाली? तो म्हणाला, 'वर. हवा वर जाते ना.' कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली. मग दुसऱ्या चाकापाशी पळाला. तिथेही स्क्रू खाली.

सुई जमिनीकडे धरून हवा काढायला निघालेल्या शिकाऊ नर्सला मी दिवसभर बेडपॅन धुवायला लावलं असतं. हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसलेली, आणि हा दर वेळी तळातून स्वच्छ तेल काढतोय आणि बाटली दाखवून शपथा घेतोय. पण स्क्रू खाली आला कसा? डावा पंजा उजव्या चाकाला आणि उजवा डाव्याला लावला, म्हणून. दोन्ही दिसायला सारखे, दोन्ही भोकांत बरोब्बर बसतात, तबकडीही पकडतात. फक्त उलटे होतात. आता हे त्या टोपीवाल्या माणसाने सांगितलं असेल किंवा नसेल, पण कॅलिपरच्या पाठीवर डावं-उजवं ओतीव अक्षरांत लिहिलेलं होतं. चष्मा लावून मी वाचलं. तू चादरीवर आडवा होतास, तुझ्या नाकासमोर होतं.

हो, तू. वाच पुन्हा.

उस्तादने दोन्ही काढून अदलाबदल केली. मी परत पेडलवर. गाडीखालून तो ओरडत होता, 'दाबा! धरून ठेवा! सोडा!' आणि मी दाबत होते, धरत होते, सोडत होते. बाळंतिणींच्या खोलीत आयुष्यभर मी हेच ओरडले, आणि आता कोणीतरी माझ्यावर ओरडत होतं. मला त्या सगळ्या बायकांची मनापासून दया आली. आता स्क्रू वर होता. उघडल्याबरोबर आधी नुसतीच फुसफुस, मग फेस, मग बुडबुड्यांची माळ, आणि मग तेल. दुसऱ्या चाकालाही तेच. त्यानंतर पेडल असं वर आलं की माझ्या गुडघ्याला कळ लागली.

मी बाबांना बोलावून घेतलं. आले, गॅरेजच्या भिंतीला हात लावत. मी काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, बसा आणि पाय ठेवा. ते चढले. पाय ठेवला. पुन्हा उचलून ठेवला. मग डोळे मिटून अगदी हळू दाबलं, जसं मागे कोणाच्या बरण्या असताना दाबतात. खाली उतरताना त्यांनी कशालाही हात लावला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मग म्हणाले, 'काय होतं?'

उस्ताद तर वाटच बघत होता. स्वतःची फजिती झाकायला त्याला दुसऱ्याची हवीच होती. 'काका, काय सांगू, तुमच्या इंजिनिअरने ना...' म्हणत त्याने दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले. शेजारचा टायरवाला, चहावाला, सगळे गोळा झालेले. आणि तुझे बाबा, ज्यांना आयुष्यात माझी साडीसुद्धा आवडली नसताना आवडली म्हणता आलं नाही, ते एका क्षणात म्हणाले, 'छे छे, पोराने बरोबरच लावले होते. तो गेल्यावर आवाज येतो म्हणून मीच काढले आणि परत बसवताना माझ्याकडून उलट झालं.' मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मिटलं. सगळे हसले. टायरवाला म्हणाला, 'काका, एवढी वर्षं स्टीअरिंग धरलं आणि डावं-उजवं कळेना?' आणि तेही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

घरी येताना ट्रक त्यांनीच चालवला. उतारावर, लाँड्रीसमोर, मुद्दाम हळू केला आणि थांबवला. माझ्या मांडीवरची पर्ससुद्धा हलली नाही. तिथेच इंजिन चालू ठेवून म्हणाले, 'त्याला सांगू नकोस. सुट्टीचे चार दिवस आला आणि त्यातला एक पूर्ण दिवस माझ्यासाठी गाडीखाली घालवला. तेवढंच त्याच्या लक्षात राहू दे.' मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. माझ्या गप्प बसण्याला ते 'हो' समजले. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस इतका भोळा कसा राहतो, देव जाणे. रविवारी तुझं गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. किल्ली पुन्हा खिळ्याला आहे.

पण बोलणी थांबली का? रोज कोणीतरी आहेच. लाँड्रीवाला शटर वर करताना ओरडतो, 'काका, उजवीकडे वळा, उजवी म्हणजे जेवायचा हात!' उस्तादने तर नव्या ड्रायव्हरला त्यांची ओळखच तशी करून दिली. ते हसून हात हलवतात आणि पुढे जातात. घरी आले की कपाटाचं दार उघडतात, शर्ट काढतात, तो फोटो बघतात, दार लावतात. मी स्वयंपाकघरातून बघते आणि कढईत चमचा आपटते. ते विचारतात, काय झालं? मी म्हणते, काही नाही, हात निसटला. असे माझे हात किती दिवस निसटत राहणार?

तरी मी गिळलं असतं. खरंच सांगते, त्यांची इच्छा म्हणून तुला हे कधीच कळलं नसतं. पण गेल्या आठवड्यात तू फोटो पाठवलास. तसंच खोकं, तुझ्या स्वतःच्या गाडीसाठी, खाली लिहिलेलं, 'आई, घाटात फिरायला जायच्या आधी पुढचे ब्रेक मीच बदलणार. बाबांच्या ट्रकचा अनुभव आहेच.' घाटात. मागच्या सीटवर माझी नात, पुढे सूनबाई. बाबांनी तो फोटो बघितला आणि फोन उलटा करून ठेवला. जेवताना घास हातात धरून बसले. दोनदा 'त्याला फोन...' म्हणाले आणि दोन्ही वेळा पाणी प्यायले. काय सांगणार ते तुला? सांगायचं तर खोटं उघडं पडतं, न सांगावं तर झोप नाही. तेव्हा पत्र मी लिहिते आहे, त्यांच्या पाठीमागे. सूनबाईला मी फोन करून ठेवलाय की नातीसाठी आजीने काही पाठवलंय, ते पोचल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि तुला गाडीखाली जाऊ द्यायचं नाही. ते जे पाठवलंय ते हेच. आता तू काय करायचं ते ऐक. माफीबिफी मागू नकोस. मागितलीस तर मी सांगितलं हे त्यांना कळेल आणि तुझ्यासाठी जे त्यांनी जपलं ते तू त्यांच्याच हातून काढून घेशील. संध्याकाळी, ते घरी असताना, फोन कर आणि एवढंच विचार, 'बाबा, हवा काढायचा स्क्रू वर यायला हवा की खाली?' आधी ते माझ्याकडे बघतील. मी भाजी निवडत असेन. तू घाई करू नकोस, फोन कानाला धरून ठेव. मग ते सांगायला लागतील, आणि एकदा लागले की डावं कुठलं, उजवं कुठलं, पान्हा किती आवळायचा, शेवटी पेडलवर पाय कसा ठेवून बघायचा, सगळं सांगतील. ते सांगतील तेव्हाच एकेक चाक काढ, फोन तशाच पालथ्या बादलीवर उभा कर, या खेपेला टोपीवाल्याच्या जागी त्यांना बसव, आणि ते वाकून बघायला लागले की 'बाबा, तुम्ही बसा' असं पुन्हा म्हणू नकोस.

तुझीच, आणि त्यांचीही,
आई